सोडाकाकांची नवी बॉडी

“श्वास घ्या… रोखा…” मग यंत्राची बारीक घरघर. “सोडा!”

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्यांना आतलं काही दिसत नसे, पण हा आवाज ऐकू येई. ‘श्वास घ्या’ आणि ‘रोखा’ हळू, समजावल्यासारखं. ‘सोडा’ मात्र असं खणखणीत, की बाकावर नंबराची वाट बघत बसलेली माणसंही नकळत श्वास सोडून मोकळी व्हायची. म्हणून अख्ख्या इस्पितळात या तंत्रज्ञाला सोडाकाका म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

सोडाकाकांना दोनच गोष्टींची मनापासून आवड होती, एक्स-रे आणि फोटो. एक्स-रेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. फोटोतही नव्हतं, जोवर फोटोत माणूस नसे. जिन्याचे कठडे, पुलाखालचं पाणी, बंद दुकानांची कुलपं, दोरीवर वाळणाऱ्या चादरी, असले त्यांचे फोटो बघून फोटोग्राफी क्लबातले जाणते लोकही मान डोलवायचे. पण समोर माणूस आला की गाडी अडायची. फोटो स्वच्छ यायचा, नाक-कान-डोळे जिथल्या तिथे असायचे, आणि तरी तो माणूस नुकताच पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसायचा.

“तुम्ही आपले खुर्च्यांचेच फोटो काढा,” बायको म्हणायची. “खुर्च्या कशा तुम्हाला घाबरत नाहीत.”

हे सगळं चेष्टेवारी चाललं होतं तोवर ठीक होतं. पण त्या वर्षी ताईने दुकान बंद करायचं ठरवलं.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान होतं. एक खिडकी, दोन मशिनं, भिंतीला टेकून उभे कापडाचे गठ्ठे, आणि ग्राहकाने आत पाऊल टाकलं की कुणीतरी सरकून बसायचं, एवढीच जागा. पण ताईच्या हसण्याची गल्लीभर ख्याती होती. आधी तिचे खांदे हलायचे, मग गळ्यातली टेप हलायची, मग डोळे बारीक व्हायचे आणि पायाखालचं मशीन आपोआप थांबायचं. आता गुडघे पायडलला साथ देत नव्हते. लेक कधीची मागे लागली होती, माझ्याकडे ये म्हणून. महिनाअखेरीस दुकानाची चावी मालकाच्या हातात द्यायची होती.

“जायच्या आधी तुझा एक फोटो काढतो,” काका म्हणाले. “इथेच, मशीनवर बसलेली. लेकीकडे भिंतीवर लाव.”

ताईने दातात धरलेली टाचणी काढली. “तू? माझा? अरे धाकट्या, तू आजवर काढलेले माझे सगळे फोटो मी ट्रंकेत उपडे घालून ठेवलेत. बघितले की वाटतं, या बाईच्या घरी चोरी झालीय.”

“या वेळी चांगला काढतो.”

“काढ. माझ्यासारखा आला तर लावीन. नाहीतर तोंडावर सांगेन, ही बाई कोण, माझ्या ओळखीची नाही. मग रुसायचं नाही.”

“आणि भाऊ, दुकान एकदा रिकामं झालं की मग कसला फोटो,” कोपऱ्यातून काजबटणवाली म्हणाली. ही ताईची जुनी सोबतीण. कपड्यांना काजं करायची, बटणं लावायची, आणि दोघा भावंडांच्या बोलण्यात मधूनमधून टाके घालायची.

काका रुसले नाहीत, पण शब्द लागला. ताईचं हसणं सगळ्या गल्लीने पाहिलं होतं, फक्त त्यांच्या कॅमेऱ्याने नव्हतं. आता ती जाणार, मशिनं जाणार, खिडकीतून तिच्या उजव्या गालावर पडणारा तो उजेडही जाणार.

घरी येऊन त्यांनी ताईचे जुने फोटो संगणकावर उघडले आणि एक्स-रे बघावा तसे मोठे करून तपासले. दुकानात उजेड कमी, कॅमेरा म्हातारा. कमी उजेडात चालावं म्हणून आयएसओ वाढवला की फोटो रवाळ होत होता. फोकस डोळ्यावर म्हणून धरलेला, पण बसला होता कानातल्या कुडीवर. शटर एवढं संथ की जरा हललं तरी चेहरा पुसट. निदान पक्कं झालं.

“दुखणं बॉडीत आहे,” ते बायकोला म्हणाले.

“हे मी लग्नापासून सांगतेय,” बायको म्हणाली. “थोडं चालत जा.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी इस्पितळाच्या बोळातूनच कॅमेऱ्याच्या दुकानदाराला फोन लावला. या दुकानदाराला सगळे शटरशेठ म्हणत, कारण कुणी जुना कॅमेरा आणला की नमस्काराच्याही आधी तो विचारायचा, “शटर किती मारलंय?” म्हणजे, आजवर किती फोटो काढलेत.

“शेठ, जुनी बॉडी काढून टाकायचीय,” काका फोनवर सांगत होते. “हो, बरीच वर्षं झाली. कपाटातच असते… नाही हो, बुरशी वगैरे काही नाही, मी अधूनमधून उन्हात ठेवतो… डोकं निघत नाही, बाकी ठीक आहे. नवी एखादी बघून ठेवा. संध्याकाळी घेऊन येतो. पिशवीत मावते.”

बॉडी म्हणजे लेन्स काढून उरलेला कॅमेरा, आणि डोकं म्हणजे वर बसवायचा फ्लॅश, तो अडकून बसला होता. पण मागे औषधांचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरला ते कुणी सांगायचं? तिचा ट्रे खडखडायला लागला.

“काका,” ती हळूच म्हणाली, “कुणाची हो?”

“माझीच,” काका म्हणाले. “आता हिच्यात दम उरला नाही.”

खुलासा होईपर्यंत सिस्टर भिंतीला टेकली होती. मग मात्र ती इतकी हसली, की आतून डॉक्टर बघायला आले.

संध्याकाळी शटरशेठने आधी काचेच्या कपाटातून हातभर लांबीची लेन्स काढली. “ही बघा तोफ. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी मांडीवर आणून बसवते.”

“पक्षी नाही. बहीण आहे.”

“मग तोफ ठेवतो आत.” शेठने ती खरंच आत ठेवली. “असं करा, बॉडी राहू दे. पंच्याऐंशी एमएमची लेन्स घ्या. चेहऱ्यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं.”

एरवी काका दुकानात आले की शेठ सांगेल त्याला हो म्हणायचे आणि घरी जाऊन पस्तावायचे. आज तसं नव्हतं. आज त्यांना आपल्याला काय हवंय ते ठाऊक होतं.

“विरघळवायचंय कुणाला?” ते म्हणाले. “मला तिची मशिनं दिसायला हवीत. आणि दुकान एवढंसं. पंच्याऐंशी लावली तर मला मागे सरकत गल्लीत उभं राहावं लागेल, आणि मधे काजबटणवाली येईल. माझी पन्नासवाली चांगली आहे, उजेड भरपूर पिते. फक्त माझ्या बॉडीचा सेन्सर लहान, म्हणून तीही अंगावर येते, चौकटीत फारसं मावत नाही. मोठ्या सेन्सरची दाखवा. हीच लेन्स जोडरिंगने बसेल अशी.”

शेठने चष्मा वर केला आणि गिऱ्हाईकाकडे नव्याने पाहिलं. दोन बॉड्या काउंटरवर आल्या. एक वजनदार, बटणांनी भरलेली. दुसरी साधी, हातात नीट बसणारी. काकांनी पन्नासवाली लेन्स आधी एकीवर, मग दुसरीवर चढवली आणि म्हणाले, “आता दिवे घालवा.”

“दुकानाचे?”

“ताईकडे तुमच्याएवढा लखलखाट नाही.”

शेठने कुरकुरत दिवे घालवले. अंधुक उजेडात काकांनी कॅमेरा त्याच्याकडे धरला. पडद्यावर एक छोटी चौकट आली आणि शेठच्या डावीकडच्या डोळ्यावर जाऊन बसली. शेठ हलला, चौकट हलली. शेठ वाकला, चौकट वाकली. शिंकला, तेव्हा क्षणभर गोंधळली आणि पुन्हा डोळ्यावर आली. साध्या बॉडीने हे वजनदार बॉडीइतकंच चोख केलं. वर तिचा आवाज पूर्ण बंद करता येत होता.

“ही,” काका म्हणाले.

“दुसरी जास्त टिकते हो. पावसापाण्यात चालते.”

“मी बहिणीच्या दुकानात चाललोय, लढाईवर नाही. ही द्या.”

जुनी बॉडी त्यांनी बदल्यात दिली. देण्याआधी रुमालाने एकदा पुसली आणि शेठने विचारायच्या आत सांगितलं, “शटर भरपूर मारलंय.”

रविवारी सकाळी ते दुकानात पोचले तेव्हा निम्मे गठ्ठे बांधून झाले होते. ताई मशीनवर बसली होती, खिडकीचा उजेड नेहमीसारखा उजव्या गालावर. काका दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले. पन्नासवालीतून ताई, मशीन, खिडकी, सगळं अलगद मावत होतं. त्यांनी मनात स्वतःची पाठ थोपटली.

“हं. श्वास घ्या,” ते म्हणाले. “रोखा…” पाचसात फोटो काढले. “सोडा!”

पडद्यावर फोटो बघून ते हरखले. असा फोटो त्यांनी जन्मात काढला नव्हता. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. रवाळपणाचं नाव नाही. त्यांनी कॅमेरा ताईपुढे धरला.

ताईने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. “सुंदर आलाय,” ती म्हणाली. “पण ही बाई कोण?”

काकांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा बघितलं आणि त्यांनाही दिसलं. मान ताठ, खांदे कानाकडे, ओठ मिटलेले, डोळे वटारलेले. चोरी झालेली तीच बाई, फक्त आता अगदी स्पष्ट दिसत होती.

“लेन्स बदलून बघू का,” ते पुटपुटले. “शेठ पंच्याऐंशी म्हणत होता…”

“भाऊ, मला तुमच्यातलं काही कळत नाही,” काजबटणवाली सुईत दोरा ओवत म्हणाली. “पण तुम्ही ‘सोडा’ म्हणता ना, तेव्हा ताई किती छान दिसतात. तेव्हाच नेमका तुम्ही कॅमेरा खाली घेता.”



“अगं खरंच की!” ताई म्हणाली. “हा मला दर वेळी गुदमरवतो आणि मग बघत बसतो, फोटो कसा आला! आणि वर सख्ख्या बहिणीला अहोजाहो. श्वास घ्या, रोखा! मी काय तुझ्याकडे छाती दाखवायला आलेय का रे?”

काका कॅमेरा हातात धरून उभेच राहिले. श्वास सोडला की छाती हलते, फोटो बिघडतो, हे त्यांच्या बोटात इतकं मुरलं होतं, की समोर फुप्फुस आहे की बहीण हे बोटाला कळतच नव्हतं. क्लबातली माणसं, भाचेमंडळी, लग्नातली जोडपी, सगळ्यांना त्यांनी आजवर श्वास रोखायला लावून टिपलं होतं. जुन्या कॅमेऱ्यात दुसरा इलाजही नव्हता, हललेलं माणूस त्याला झेपतच नसे. या नव्याला झेपणार होतं. कॅमेरा योग्यच घेतला होता. बोट तेवढं चुकीच्या शब्दावर होतं.

त्यांनी कॅमेरा वर उचलला. चौकट ताईच्या डोळ्यावर जाऊन बसली.

“श्वास घे,” ते म्हणाले. “रोख.” आणि बोट जागच्या जागी ठेवलं. “सोड.”

इतक्या वर्षांत प्रथमच तो शब्द त्यांच्या तोंडून हळू निघाला.

“काय सोडू?” ताई म्हणाली. तिची नजर मशीनवरून बांधलेल्या गठ्ठ्यांकडे गेली, तिथून खिडकीकडे. “सोडलंच की रे सगळं. चावी तेवढी राहिलीय.”

“सगळं सोडा,” काजबटणवाली म्हणाली, “पण जाताना माझी कात्री पिशवीत घालून नेऊ नका. काल तुमच्या सामानातून दोनदा काढलीय मी.”

ताईचे खांदे हलले. मग टेप हलली. डोळे बारीक व्हायला लागले, हात मशीनच्या चाकावर आपटला, मान मागे गेली, आणि चौकट पळत्या वासरामागे धावावं तशी तिच्या डोळ्यामागे धावत राहिली. काकांचं बोट बटणावर दाबलेलंच होतं. कॅमेऱ्याचा आवाज बंद होता.

“काढ ना आता,” ताई डोळे पुसत म्हणाली. “किती ताटकळवतोस.”

“काढले.”

त्यातला एक त्यांनी उघडला आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. हाताचा पंजा किंचित पुसट झाला होता. टेप हवेत होती. डोळे मिटायच्या बेतात, आणि तरी लखलखीत. ताईने चष्मा वर-खाली करून पाहिलं. काकांनी श्वास रोखला होता.

“ही बाई,” ताई म्हणाली, “माझ्या ओळखीची आहे.”

काकांचा श्वास अजून रोखलेलाच होता.

“अरे, सोडा!” ताईने त्यांच्या पाठीत धपाटा घातला. “लेकीला फोन करते. म्हणावं, भिंतीवर आधी खिळा ठोक, मग माझ्यासाठी पलंग घे.”

सोमवारी सकाळी पहिलाच पेशंट छाती टेकवून उभा राहिला. “श्वास घ्या,” काका काचेमागून म्हणाले. “रोखा…” आणि थांबले. बटणावरचं बोट पुढच्या शब्दाची वाट बघत होतं. पेशंट लाल व्हायला लागला तेव्हा ते भानावर आले, चटकन बटण दाबलं आणि असं दणक्यात “सोडा!” म्हणाले, की बाहेर बाकावरची सगळी रांग एकदम मोकळी झाली.