सुलतानपूरच्या उंबरावरचं मोहोळ

लोणारहून निघालेली एसटी सुलतानपूरला थांबली आणि मी उतरले. टपरीवरच्या एका आजोबांनी लगेच विचारलं, "औषधाच्या कंपनीच्या हा का बाई?" नाही म्हटलं, तरी त्यांची नजर माझ्या पिशवीवरून हलेना.

मावसबहीण सुनीता घ्यायला आली होती. तिची कांद्याची बिजवाई (बियाण्यासाठी घेतलेलं पीक) नाल्याला लागून आहे. कमरेएवढ्या दांड्यांवर पांढरे गोंडे डुलत होते. रान देखणं होतं, पण गुणगुण कुठेच नव्हती.

"माशी बसली नाही तं बी भरत नाही, ताई," सुनीता म्हणाली. "नाल्यावरच्या उंबरावर आग्यामोहोळ होतं. चार दिवसांपासून रिकामं हाय. त्या युसूफभाईनंच जाळलं असन."

युसूफभाई लोणारचे, गावोगाव मध विकणारे. त्यांना जाळताना कोणी पाहिलं नव्हतं. तरी मला ते पटलं.

भाकरी, झुणका आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा खाऊन आम्ही दुपारी उंबराकडे गेलो. वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उरलेली वाट ढेकळांतून अनवाणी. उंबराखाली युसूफभाईच उभे. शेजारी बादली, काखेत चिंध्यांचा पलिता. मी गुपचूप फोटो काढला.

त्यांनी वळून पाहिलं. "फोटो कायले काढता बाई?"

"मोहोळ कोणी जाळलं, ते लोकांना कळू दे."

ते चिडले नाहीत. पाचोळ्यातून मूठभर मेलेल्या माश्या उचलून त्यांनी माझ्यासमोर धरल्या. "आगीत पह्यले पंख जळते. इचे पंख साबूत हायेत. अन् जीभ पहा."

बहुतेक माश्यांची दोऱ्यासारखी जीभ बाहेर आलेली होती.

"हे औषधाचं काम हाय. मी आज मध काढाले आलो, तवा दिसलं. मी धूर करून माशी उठवतो, मधाचा तुकडा कापतो, बाकीचं ठेवतो. मोहोळच राह्यलं नाही तं मी विकू काय?"

स्वतःला वाचवायला कोणीही असं बोलेल, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात ते सुनीताकडे वळले. "भाभी, फवारा कवा मारला?"

सुनीता रानाकडे पाहत म्हणाली, "सोमवारी. फुलकिड्यासाठी. दुकानदारानं देल्लं होतं."

"कोन्या टायमाले?"

"सकाळी दहाले."

"तवाच तं माशी फुलावर असते."

सुनीतानं त्यांच्या हातातली एक माशी आपल्या तळव्यावर घेतली. "मीच मारल्या, ताई."

मी युसूफभाईंसमोरच फोटो पुसला. माफी मागितली, पण ती माझ्याच कानाला तोकडी वाटली.

ते म्हणाले, "रस्ता रुंद झाला, त्यात नाल्यावरचे मोठे झाडं गेले. हे एकच राह्यलं. इथून उठली तं माशी जाईन कुठं?"

मग रानात येऊन माशीचं काम हातानं कसं करायचं ते त्यांनीच दाखवलं, एका गोंड्यावरून हलका हात फिरवायचा, तोच पुढच्यावर. ऊन कलेपर्यंत आम्ही तिघं तेच करत होतो. तळवे परागांनी पिवळट झाले. शेवटच्या सऱ्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत स्वतःचीच लाज वाटत होती. पलिता डोळ्यांना दिसला म्हणून त्या माणसाला मी दोषी ठरवलं होतं. फवाऱ्याचा पंप बहिणीच्या पाठीवर होता, म्हणून तिला काही विचारलंच नव्हतं.

लोणार यायच्या आत सुनीताचा फोन आला. शेजारचा गडी पंप भरत होता, त्याला अडवायला ती गेली होती.

"त्यानं इचारलं, तुले युसूफनं शिकवलं का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नाही रे. मी मारल्या म्हून सांगून राह्यली."