सुजाताची फिल्म

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही.

सुजाता भंडाऱ्याची. आम्ही एकाच प्रयोगशाळेत पीएचडी करायचो, बिबवेवाडीत एकाच खोलीत राहायचो. प्लास्टिकऐवजी वापरता येईल, मातीत कुजून जाईल अशी पातळ फिल्म दोघींनाही बनवायची होती. माझी साबुदाण्याच्या स्टार्चची; दमट हवेत लिबलिबीत व्हायची. तिनं तांदळाच्या स्टार्चमध्ये जिवाणूंनी साखरेच्या पाण्यावर धरलेली साय वाटून घातली. तिची टिकत होती. मला आनंद व्हायला हवा होता — नाही का?

तिच्या फिल्मच्या पट्ट्या दमट हवेच्या पेटीत टांगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आमचे मार्गदर्शक सर त्या बघणार, मगच तिची पीएचडीची मुदत वाढणार. त्या संध्याकाळी माझे नमुने ठेवताना पेटीतला पाण्याचा ट्रे माझ्या हातून कलंडला. घाईत — घाईतच ना? तिच्या पट्ट्या चिंब भिजल्या. मी त्या टिपल्या, होत्या तशा टांगल्या आणि घरी आले. तिनं पिठलं केलं होतं. मी जेवले.

सकाळी सरांनी पट्टी उचलली, ती हातातच फाटली.

"वा! याहून पापड बरा," सर म्हणाले. सगळे हसले.

सुजाता माझ्याकडे वळली. "काल पेटी उघडली होतीस काय गं?"

"नाही."

एवढंच. पाणी सांडलं ती चूक असेल. पण हा शब्द मी विचार करून उच्चारला. ती पुन्हा करून दाखवते म्हणाली. सरांनी ऐकलं नाही. मुदत वाढली नाही. तिच्या घरी लग्नाची घाई होतीच. तिनं संशोधन सोडलं, खराडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी धरली.

आणि मी? तिचीच साय माझ्या साबुदाण्यात घातली. टिकणारच होती — हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? प्रबंधावर नाव माझं.

माझ्या तोंडी परीक्षेला सुजाता सुट्टी काढून आली. मागे बसली, सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. नंतर मला मिठी मारून म्हणाली, "बरं झालं. मला वाटायचं, माझा विचारच चुकीचा होता."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. तिचे हात माझ्या पाठीवर होते.

"चल, चहा घेऊ," मी म्हणाले.