थंड इंजिन, लाल काटा आणि निळा दोरा

मंडळी, आज गॅरेजात हात थबकला.

बाबांचे जुने गिऱ्हाईक, शेंद्र्याचे काका, काल कार ठेवून गेले होते. "ताई, ऑइलच्या टेंपरेचरचा काटा सारखा लाल दाखवतो. सेन्सर नवा टाकला, तरी तेच!"

सकाळी चावी फिरवली. इंजिन थंडगार आणि काटा लाल. सेन्सरचा प्लग काढला, तरी लाल! म्हणजे खराबी वायरमध्ये. ती न बघताच सेन्सर बदलणाऱ्याला काय म्हणावं, राव?

वायर चाचपत गेले, तर एका जुन्या जोडावर टेप आणि वरून निळा दोरा.

बाबांचा हात! "टेप गरमीनं सुटतो, दोरा सोडत नाय," म्हणायचे आणि आईच्या शिलाई मशीनची रिळं पळवायचे. आई ओरडायची, "गाड्या शिवता का वो?"

बाबा जाऊन वर्षं झाली. जोड अजून पक्का. पुढं वायर घासून, उघडी पडून बॉडीला टेकत होती. तेवढा तुकडा बदलला, टेप लावला. काटा खाली आला.

मग आईला फोन केला. "आई, निळा दोरा हाय का गं?"

आई म्हणाली, "गाड्या शिवती का गं तू बी?"

नव्या जोडावर गुंडाळायला रीळ आणायला निघालेय, मंडळी.