काकांची कापूसपारख
सरकीचा तेलकट वास आला की निजामी अमलातली, जालन्याच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातली ती सकाळ आठवते. लकव्यानं उजवा हात गेलेल्या काकांना मी परत कामावर नेलं होतं. कापूस दोन्ही हातांनी ओढून धाग्याची लांबी पारखायची, हे त्यांचं काम. शेठजी म्हणाले, "एका हातानं काय जमणार? घरी आराम करा." काकांनी समोर उभ्या कापसाच्या गाडीतला पुंजका दातांत धरला, डाव्या हातानं ओढला आणि ते थुंकले. "धागा लांब हाये, पण माल वल्ला हाये. वजनासाठी पाणी मारलंय!" शेठजींनी गाडीत हात खुपसला, तर आतला कापूस ओलाचिंब! कापूस निवडणाऱ्या बायांमधून आवाज आला, "शेठजी, तुमचे तर दोन्ही हात धड हायेत, तुम्हाला कसं न्हाई कळलं?" शेठजी पुटपुटले, "उद्यापासून या." काका म्हणाले, "उद्या कशाला? दुसरी गाडी उभी हाये." हे लिहितानाही मला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.