कॅरिंग अँगल

अर्जुनाच्या घरी फौजेत जायचं की नाही, हे कुणी विचारतच नसे. आजा, बाप, चुलता, सगळे तिकडंच. त्र्याहत्तर साली कडेगावजवळच्या एका गावातून आई रंगूबाईनं त्यालाही साताऱ्याच्या भरतीला धाडला. धावण्यात गडी पहिला आला. छाती मापात भरली. मग डॉक्टरनं दोन्ही हात खाली सोडून तळवे पुढं करायला लावले आणि नापास म्हणून सांगितलं.

"कॅरिंग अँगल जास्त आहे."

"म्हंजी काय वो सायेब?"

डॉक्टर माणूस बरा. त्यानं समजावलं, की हात सरळ सोडला तर कोपरापासून खालचा भाग जरा बाहेर झुकतो, म्हणून तर भरलेली बादली मांडीवर आपटत नाही. हा कोन सगळ्यांनाच असतो, बायकांना थोडा जास्त. तुझ्या उजव्या हाताचा फौजेच्या मापात बसत नाही, एवढंच. रोग नव्हे हा. शेती कर, कुस्ती कर, काही अडत नाही.

एवढं घरी सांगायला काय जात होतं? पण बायकांना जास्त, हे ऐकूनच पोराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला म्हणाला, "हात वाकडा हाय म्हंत्यात."

वाकडं हाड म्हटल्यावर आमच्याकडं दवाखान्याची पायरी कोण चढतो? तालीम गाठायची! नानासो वस्तादांनी उजवं कोपर चोळलं, ओढलं, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलं.

"फुडच्या भरतीला सरळ करून देतो, वैनी."

करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या. हाड बसतंय, वस्ताद म्हणाले. पुढं मुंग्याही थांबल्या. अर्जुनाला बरंच वाटलं, मूर्खाला!

कामट्या सोडल्या तर कोपर पुरतं उलगडेना, म्हणून झुकावही दिसेना. रंगूबाईनं पेढे वाटले. साताऱ्याला या खेपेला डॉक्टर दुसरा होता. त्यानं अर्जुनाच्या बोटांच्या बेचक्यात कागद धरायला दिला. कागद खाली पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला.

"शीर दबून गेली रे. कुणी बांधलं हे? चांगला हात होता."

अर्जुनाला ना राग आला, ना रडू. एसटीत खिडकीपाशी बसून तो घरी आला आणि झालं ते सांगून मोकळा झाला, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

रंगूबाईनं तेल कोमट केलं नि त्याची दोन बोटं चोळत बसली, चोळतच राहिली.

"कळतंय का रं कायतरी?"

तिच्या तोंडाकडं बघून अर्जुना म्हणाला, "व्हय की. लय कढत हाय तेल. जरा दमानं."

रंगूबाईचा हात थांबला. तेल केव्हाच गार झालं होतं.