जीभ खाली, आवाज नाकातून

कुंडलचे ज्ञानू हवालदार भरदुपारी पेशंट बनून खाटेवर उताणे पडले होते आणि त्यांची लेक शिवांजली उशाशी उभी राहून त्यांना फ्रेंचमध्ये सूचना देत होती. ती सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. कॅनडात जिकडे फ्रेंच चालते, तिथल्या इस्पितळात तिला जागा मिळण्यासारखी होती. अट एकच, पेशंटशी बोलता आलं पाहिजे. तोंडी परीक्षा उद्यावर आली होती.

"अँस्पिरे प्रोफोँदेमाँ," ती म्हणाली. म्हणजे, खोल श्वास घ्या.

हवालदारांनी घेतला. ही वाक्यं त्यांनीच तिला शिकवलेली. फौजेत नर्सिंग असिस्टंट असताना ते शांतिसेनेबरोबर वर्षभर काँगोत होते. तिथं फ्रेंच शिकवताना क्लोदिन नावाच्या सिस्टरनं लाकडी पट्टीनं त्यांची जीभ दाबून धरली होती. "टाळूला लावू नका. जीभ खाली पडू दे, आवाज नाकातून जाऊ दे." तिथून दर रविवारी ते घरी फोन करायचे. सहा वर्षांची शिवांजली एकच विचारायची, "आबा, कवा येणार?"

आता महिनाभर ते लेकीला शिकवत होते. पट्टीऐवजी चमच्याचा दांडा. पहिल्याच दिवशी तिच्या आईनं, शालूबाईंनी, ओवा घातलेल्या उकळत्या पाण्याचं पातेलं वाफेसाठी आणून आदळलं होतं.

"आवं, पोरीचं नाक चोंदलंय आन् तुमी तिला बोलायला काय लावताय?"

"चोंदलं न्हाई. तसंच बोलायचं असतंय."

"मग पेशंटच म्हनंल, बाई, आदी तू औषध घे!"

तेव्हा तिघंही लय हसले होते.

"बरोबर आलं ना, आबा?" शिवांजलीनं आता उशाशी वाकून विचारलं.

आलं नव्हतं. शेवटच्या 'माँ'ला तिची जीभ हळूच टाळूला टेकली होती. तिला ते कळलं नव्हतं. हवालदार छताकडं बघत राहिले. नुसतं 'व्हय' म्हटलं, की झालं. परीक्षेत हे खटकेल. पोरगी इथंच राहील. रोज संध्याकाळी एसटीनं येईल, पायातली चप्पल निघायच्या आधी "आई, च्या" म्हणून ओरडेल.

"आबा! झोपलात व्हय?"

ते उठून बसले. "चमचा आण."

दांडा जिभेवर ठेवून तिनं तो शब्द सात-आठदा घोळवला. मग दांडा काढूनही तो स्वच्छ आला, घंटेचा नाद मागं रेंगाळावा तसा.

"जमलं का तिला?" शालूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"जमलं."

त्या पदराला हात पुसत राहिल्या.

"तिकडं सकाळ कवा हुती वो?"

हवालदारांनी हा हिशेब कधीच करून ठेवला होता.

"आपल्याकडं सांज झाली, की."