वन्संच्या चादरी

लिही गं. तुझ्या बाबांची आत्या, म्हणजे माझी नणंद, तिला दवाखान्यात सगळे टाकेवाल्या मावशी म्हणायचे. ती काही ऑपरेशनातले टाके घालायची नाही हो! चादरी धुवायची.

वीस खाटांचा दवाखाना. मागे पत्र्याची खोली, दोन हौद आणि चुलीवर हे एवढं पातेलं. एकदा एका खाटेची खरूज दुसऱ्या खाटेला लागली. तेव्हापासून वन्संचा नियम, ज्या खाटेची चादर त्याच खाटेला. अक्षरओळख नाही, माझ्यासारखीच. मग काय, कोपऱ्यात दोऱ्याने खुणा घातल्या. कुणाला फुली, कुणाला पान, बारा नंबरच्या खाटेला मासा. आणि चादर एकदा धुतली की काठावर एक टाका. शंभर टाके झाले की चादर विरली म्हणायचं, फाडायची आणि फरशी पुसायला घ्यायची.

मी म्हणायची, "वन्सं, डोळे जातील अशाने."

"वहिनी, माझं डोकं म्हणजे चाळणी. दोरा बरा लक्षात ठेवतो."

नवरा गेल्यावर दवाखान्याच्या डॉक्टरांनीच तिला काम दिलं होतं, शिवाय राहायला दवाखान्यामागची खोली. म्हणून डॉक्टर म्हणजे तिला देवच. आणि एक दिवस देवच म्हणाला, "मावशी, उद्या विमा कंपनीच्या बाई तपासणीला येतील. मागच्या वॉर्डातल्या सहा खाटा तीन महिने भरलेल्या होत्या, चादरी रोज धुतल्या, एवढंच सांगायचं."

आता मागच्या वॉर्डात तर कुत्रं नव्हतं! सहा खाटा नुसत्या धूळ खात पडलेल्या. दुपारीच वन्सं माझ्याकडे आली. चहा समोर, पण घोट घेईना.

"वहिनी, खरं बोलले तर खोली जाईल. खोटं बोलू तर जीभ वळत नाही."

मी काय म्हटलं तेही लिही, लपवू नकोस. मी म्हटलं, "मूग गिळून गप्प बसा. मोठ्यांच्या भानगडीत आपण कशाला?"

दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या. पोरसवदाच होत्या. विचारलं, "मावशी, या सहा खाटांच्या चादरी रोज धुता का?" डॉक्टर शेजारीच उभे.

वन्सं तडक वळली. आत गेली, कपाट उघडलं आणि मागच्या वॉर्डातल्या सगळ्या चादरी आणून टेबलावर ठेवल्या. वर पुढच्या वॉर्डातल्या दोन. सगळ्या एकदमच नव्या आलेल्या, चार महिन्यांपूर्वी.

"हे टाके कसले?" बाईंनी विचारलं.

"एका धुण्याला एक."

बाई मोजत बसल्या. पुढच्या चादरींना चाळीसच्या वर, मागच्यांना तीन-तीन.

डॉक्टर तडकले, "मावशी, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"धुणं कळतं, डॉक्टर."

बाईंनी पुराव्याला चार चादरी घेतल्या. वन्सं दारात आडवी! "पावती द्या बाई, चादरी माझ्याकडे मोजून दिल्यात."

मग तपासणीवाले घरोघर फिरले, आपल्याकडेही आले. आणि काय सांगू, तुझे आजोबा कागदावर मागच्या वॉर्डात बारा नंबरच्या खाटेवर न्यूमोनियाने आठ दिवस पडून होते! दवाखान्याच्या फुकट तपासणीच्या शिबिरात त्यांनी विम्याचं कार्ड दाखवलेलं ना, तेच वापरून विम्याचे पैसे उचलले मेल्यांनी.

आजोबा म्हणाले, "आठ दिवस? अहो, ही मला घरात आठ मिनिटं पडू देत नाही!"

डॉक्टरांवर केस झाली, विम्याचं काम बंद झालं. वन्संची खोली गेली ती गेलीच. ट्रंक घेऊन दारात उभी राहिली. गप्प बसा म्हणणारी मीच, मग जागा कोणी द्यायची? बाहेरची खोली रिकामी करून दिली. दोन महिन्यांनी दुसऱ्या दवाखान्यात कामही लागलं. तिथेही टाके सुरू.

पण मधले दोन महिने रिकामी होती तेव्हा आपल्या घरातल्या चादरी घेऊन बसली. तुझ्या बाबांना पान, मला फुली. आजोबांच्या चादरीला मासा.

"हा का गं?" आजोबांनी विचारलं.

"बारा नंबर तुझाच ना, दादा. आता पड खुशाल."